ढोमण्यांची फाईल

ढोमणे आज्ञा टाइप करायचे आणि लगेच कॉम्प्युटरच्या पडद्यावर वर्तमानपत्र टाकायचे.

मंडईजवळच्या आमच्या वधूवर केंद्रात मी फॉर्म तपासायची, ते यादी काढायचे. ज्याच्या त्याच्या मुलाला सॉफ्टवेअरमध्ये नोकरी लागण्याचे ते दिवस. पालक अटी सांगत: उंची, गोत्र, पत्रिका, चष्मा नको. ढोमणे त्या सगळ्या काळ्या पडद्यावर एका लांबलचक ओळीत घालत. ओळीच्या शेवटी बाणाचं चिन्ह, त्यापुढे फाईलचं नाव. एंटर. उत्तर परस्पर फाईलमध्ये.

"अहो, काहीच दिसलं नाही!" पालक वर्तमानपत्राखाली डोकावायचे.

"दिसाले कशाला पाहिजे? फाईलीत उतरलं जी." ढोमणे अमरावतीचे. इतकी वर्षं पुण्यात राहून 'जी' सुटलं नव्हतं. "पडद्यावर पाहिलं की माणसं पहिल्या पाचातच अडकतात. बाकीच्यांनी काय पाप केलं?"

फाईलींना नावंही ते मनाने देत. एका आईने अर्धा तास अटी सांगितल्या, त्या यादीचं नाव 'देवच_पाहिजे' असं निघालं. छापील कागदावर ते तिने वाचलं. मालकांनी ढोमण्यांना आत बोलावलं. बाहेर येऊन ते मला म्हणाले, "ताई, यादीत एकही ओळ नव्हती. खोटं काय लिहिलं मी?"

मग मालकांच्या मुलाने वेबसाइट काढली. जुन्या नोंदी नव्या जागी न्यायच्या ठरल्या, पण दहा वर्षांत ज्यांचं जमलं नाही त्यांना वगळून.

"त्या डेड नोंदी आहेत, काका," मुलगा म्हणाला.

"मेले नाहीत जी ते. लग्न नाही झालं फक्त."

मुलगा हसला. ढोमण्यांनी त्या दिवशी वर्तमानपत्र टाकलं नाही. एक आज्ञा दिली, ती सगळी नावं एका फाईलमध्ये उतरवली आणि छापून मालकांपुढे ठेवली. "हे तेवढे घ्या आत. जागा काय लागते?" मालक म्हणाले, "ढोमणे, आपण धंदा करतो." दुपारी नोंदी पुसल्या गेल्या. महिनाअखेर ढोमण्यांचीही गरज उरली नाही.

पुढे त्यांच्या फंडाचा एक दाखला ऑफिसात आला, तो द्यायला मी विश्रांतवाडीला गेले. एक खोली, एक खाट, एक खुर्ची. मांडीवर वगळलेल्या नावांचा तोच छापील गठ्ठा. बहुतेक नावांवर काट.

"नंबर बदलले," ते म्हणाले. "कोणी म्हणते, परत फोन कराल तर पोलिसात देईन. बरोबरच आहे त्याचं."

"पण फोन कशाला करता?"

"जन्मतारखा आहेत ना यात."

त्यांनी माझ्यासमोरच एक नंबर लावला. खोली इतकी शांत होती की पलीकडच्या बाईंचा आवाज मलाही ऐकू आला. केंद्राचं नाव ऐकताच त्या घाईने म्हणाल्या, "स्थळ आहे का?"

ढोमणे गडबडले. "नाही जी. स्थळ नाही. आज वाढदिवस तुमचा, म्हणून..."

मग ढोमण्यांनी रिसीव्हरवर हात ठेवला.

"ताई, त्या रडून राहिल्या," ते हळूच म्हणाले. "आता काय बोलू?"

ढोमण्यांनी हात काढला, रिसीव्हर कानाशी धरला आणि तसेच बसून राहिले.