ब्रोकोलीपुरती थंडी

आमच्या आळीला थंडी एक दिवसाआड येते, सकाळी सहा ते आठ. पाणी सोडणारे बाळूतात्याच थंडीचाही वॉल्व्ह फिरवतात. आली की बायका हंडे, कळश्या, पिंपं घेऊन परसात धावतात, भरतात, झाकण घालतात. पाळी नसते त्या दिवशी पौषातसुद्धा चैत्रासारखं उकडतं. माणसांचं भागतं. ब्रोकोलीचं भागत नाही.

न्हाणीमागं मी सहा रोपं लावली होती, ती ईश्वरीसाठी. ईश्वरी माझी मुलगी, सव्वा वर्षाची. भाताचं शीत तोंडात राहू देत नाही आणि वजन दोन महिने आहे तिथंच आहे. एकदाच नणंदेकडं तिनं उकडलेली ब्रोकोली मागून मागून खाल्ली. तेव्हापासून माझ्या डोक्यात दुसरं काही नाही. पण ब्रोकोलीला रोज गारवा लागतो. उकाडा लागला की गड्डा धरायच्या आत पिवळी फुलं येतात, मग ती खाण्याच्या कामाची राहत नाही.

घरातली सगळी भांडी भरली तरी दुसऱ्या दिवशी बारापर्यंत थंडी संपायची. मी तात्यांना वाटेत गाठलं.

"तात्या, आमचा वॉल्व्ह जरा जास्त वेळ ठेवा की."

"तुझा ठेवला तर खालच्या आळीला काय देऊ, पंखा? भांडी वाढव."

"भांडी संपली हो."

"मग माणूस लाव. माणसात बरीच मावते."

मला वाटलं चेष्टा करतायत. पण त्यांच्या तोंडावर हसू नव्हतं.

घरी विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "माझ्यात नका भरू बाई. गुडघ्यात गेल्या सालची अजून शिल्लक आहे." हे टेम्पो चालवतात, हात आखडून कसं चालेल. राहिले मी.

नोंद करायला तात्या मला पंचायतीत घेऊन गेले. ग्रामसेवक भाऊसाहेबांनी रजिस्टर उघडलं. "किती मावते?"

तात्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "दोन हंडे धरा."

"झाकण?"

"पदर आहे."

"गळती?"

मी म्हणाले, नाही.

"रडायचं नाही," भाऊसाहेब म्हणाले. "रडलं की गळती धरतो. पाळी कमी होते मग."

त्यांनी लिहिलं, भांडं, एक नग. मी सहीसाठी पेन उचललं तर म्हणाले, "भांड्याची सही लागत नाही. घरमालकाची आणा."

दुसऱ्या दिवशी सहाला मी परसात नळाखाली उभी राहिले. आधी पावलं भरली, मग गुडघे, मग पोट. गळ्याशी आल्यावर सासूबाईंनी नळ बंद करून पदर घट्ट खोचला. त्यानंतर ज्या दिवशी पाळी नसायची त्या दिवशी मी रोपांमध्ये बसून राहायचे. पानं ताठ झाली. नवव्या दिवशी एका रोपाच्या मध्यात मण्याएवढं हिरवं दिसलं.

त्याच दिवशी ईश्वरी रांगत माझ्याकडं आली. गुडघ्याला हात लावला आणि असा काही टाहो फोडला की मी हबकले. तिची बोटं निळी पडली होती. सासूबाईंनी तिला उचललं. "तू जरा लांबच बस ग. पोरीला पडसं होईल."

मी लांब बसले. डोळ्यांत पाणी आलं ते आत घेतलं, पाळी कमी झाली असती.

सव्वा महिन्यानं गड्डे वाटीएवढे झाले. सासूबाईंनी एक कापला, उकडला, मीठ घातलं. ईश्वरीनं वाटी संपवली आणि परत आ केला. मी दारातून बघत होते.

लगेच तात्यांकडं गेले. "आता मला मोकळं करा."

"ओतून द्यायची नसते थंडी. कुणाच्या तरी कामी लावून संपव."

दोन दिवसांनी वरच्या आळीतल्या शेवंतामावशी आल्या. त्यांच्या ब्रोकोलीनं माना टाकल्या होत्या. सासूबाईंना म्हणाल्या, "दोन दिवस सून देता का?"

"न्या. पण जपून वापरा, घरात दुसरी नाही."

मला आनंदच झाला. तिथली रोपं माझ्यातली थंडी पिऊन घेतील, मी रिकामी होईन आणि घरी येऊन सगळ्यात आधी ईश्वरीला उचलीन. दोन दिवस मी एकेका रोपाला चिकटून बसले. दुसऱ्या दिवशी दुपारी बोटांची टोकं कोमट झाली. संध्याकाळी तर कपाळाला घाम आला, माझा स्वतःचा. मी चपला शोधायला लागले.

शेवंतामावशींनी हात धरला. "अशी कशी जाशील? सकाळी जा."

"मावशी, लेकरू वाट बघतंय."

"अगं, दुसऱ्याचं भांडं रिकामं परत देऊ नये. सासू काय म्हणेल तुझी?"

सकाळी सहाला त्यांच्या आळीची पाळी होती. त्यांनी मला नळाखाली उभी केली आणि गळ्याच्याही वर, पार हनुवटीपर्यंत भरली. वर हळदीकुंकू लावलं. सांडू नये म्हणून त्यांची सून घरापर्यंत सोबत आली.

ईश्वरी उंबऱ्यातच बसली होती. गाल भरले होते. मला बघून तिनं दोन्ही हात वर केले. मी दोन पावलं मागं सरले.

सासूबाईंनी माझ्या कपाळाला बोट लावून बघितलं आणि झटकन काढून घेतलं. "माणसं रीतीची आहेत हो," त्या म्हणाल्या. मग फडक्यानं धरून त्यांनी मला परसात नेऊन ठेवलं. कापलेल्या गड्ड्यांच्या बगलेत नवे फुटवे आले होते.