भज्यांच्या तेलाचं डिझेल

वाघमारे काका कुणाच्याही घरी गेले की आधी कढईचा वास घेतात, मग खुर्ची. माझ्या मुलीच्या साखरपुड्याला सोयरे बसलेले असताना हे स्वयंपाकघरातून ओरडले, "मास्तर, तेल लई जळलंय की! टाकू नका, मला द्या." व्याह्यांच्या हातातलं भजं तसंच राहिलं.

शुक्रवार पेठेत आम्ही शेजारी. काका पाण्याच्या पंपावरचे निवृत्त फिटर. जळक्या तेलाचं डिझेल करायचा नाद त्यांना काकूंपायी लागला. काकूंची फुप्फुसं कामातून गेलेली, नाकाला कायम ऑक्सिजनचं मशीन. वीज गेली की जनरेटर, आणि त्याच्या धुराने काकू खोकून खोकून अर्धमेल्या. तळणाच्या तेलाच्या डिझेलचा धूर सौम्य असतो, असं काकांनी कुठेतरी ऐकलं आणि अंगणात पिंप आलं.

पहिल्याच खेपेला भजीवाल्याच्या तेलात पाणी निघालं. त्यात कॉस्टिक सोडा घालून दिवसभर ढवळलं, तर डिझेलऐवजी साबण झाला! गल्लीभर वाटला. माझ्या बनियनला कितीतरी दिवस वड्यांचा वास येत होता. "फुकटचा हाय की, नाकं कशाला मुरडता?" हे वर.

मग सांगोल्याच्या मेहुण्याच्या डाळिंबबागेतून ठिबकची बारीक नळी आली. तिचं वेटोळं गरम पाण्यात ठेवायचं आणि तेल आणि तोच सोडा विरघळवलेलं मेथनॉल, म्हणजे एक प्रकारचं स्पिरिट, अशी दोन्ही एकाच वेळी आत सोडायची. "पिंपात दोघं लांब लांब फिरत्यात. नळीत पळायला जागाच न्हाय," काका सांगायचे. दिवसाचं काम काही मिनिटांवर येणार होतं.

काकू खिडकीतून बघायच्या. फार थकल्या होत्या. एकदा काकांदेखतच मला म्हणाल्या, "मास्तर, आता जीव नको झालाय. ह्यांचं यंत्र झालेलं बघितलं की मी सुटले." काका हात पुसत राहिले. मला तिथं उभं राहवेना.

परवा दुपारी वीज गेली. काकांनी नळीतून आलेलं, निथळून धुतलेलं सोनेरी डिझेल जनरेटरमध्ये ओतलं. तो झकास चालला. काकूंना एकदाही ठसका लागला नाही. मी टाळ्या वाजवल्या.

"झालं का हो?" काकूंनी खिडकीतून विचारलं.

काका नळीकडे बघत राहिले. थेंबसुद्धा गळत नव्हता, मी शेजारीच उभा होतो.

"कुटलं झालंय," ते म्हणाले, "हितं गळतंय की." आणि खाली बसून त्यांनी चांगला घट्ट बसलेला सांधा सोडवायला घेतला.