पाणी न पिणारी पारूबाय

सन अठ्ठ्याण्णव. मला साठावं लागलं होतं, आणि माझ्या ओटीवर एक बाई रोज संध्याकाळी येऊन तहानेली बसत होती.

तहानेली म्हणजे खरंच तहानेली. चैत्राच्या उन्हात चार घरं, दोन पाडे पालथे घालून यायची, पदरानं तोंड पुसायची, ओटीच्या कडेला टेकायची. माझी बायको पाण्याचा तांब्या आणून पुढं ठेवायची. ती तांब्याकडं बघायची, मग माझ्याकडं बघायची, आणि तांब्या हळूच बाजूला सरकवायची.

"घे की गो पाणी," बायको म्हणायची.

"लखूदादा काय ते बोलू दे. मग घेते."

ही आमची पारूबाय. गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्याजवळ राहणारी. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा कल्याणला टेम्पो चालवतो. गावोगावच्या शेतकऱ्यांच्या संघटनेचं काम करायची. शहापूरला मोर्चा असो, मुरबाडला सभा असो, पारूबाय पुढं. आवाज असा की ओढ्यावरून हाक मारली तर वरच्या पाड्यातली कुत्री उठायची.

आता आमच्याकडं घरी आलेल्यानं पाणी नाकारणं म्हणजे काय, ते शहरातल्या माणसाला सांगावं लागेल. आमच्याकडं वैरी आला तरी आधी पाणी पितो, मग भांडतो. सोयरीक मोडायला आलेला माणूस पाणी न घेता उठतो. त्यामुळं पारूबाय तांब्या सरकवून बसली की घरातले कामं टाकून दारात यायचे. शेजारचे बघायचे. म्हातारी माणसं पुटपुटायची. शेवटी घरधनी हात जोडायचा, "येतो बाय तुझ्या सभेला, पण पाणी पी!" मग ती घटाघटा तांब्या रिकामा करायची आणि पुढच्या घरी जायची. तिचं एक ठरलेलं बोलणं होतं, "मी बसायला नाय आलेय, तुला उठवायला आलेय."

असं तिनं सगळं गाव उठवलं.

उठवायला कारणही तसंच होतं. आमच्या डोंगरावर दगड फोडून खडी करायची मशीन येणार होती. कुणी एक शेठ, वरचा दगड बघून गेला होता. त्या डोंगराच्या पोटातून आमचा झरा येतो. गावाची बायकामाणसं उन्हाळ्यात त्याच झऱ्यावर हंडे भरतात, दुसरं पाणी नाही. पलीकडच्या खोऱ्यात अशी मशीन आधीच आली होती. पारूबाय बायकांना घेऊन तिथं जाऊन आली. येताना सागाचं एक पान आणलं, दगडाच्या धुळीनं पिठात बुडवल्यासारखं पांढरं. ते पान घरोघरी दाखवलं. म्हणायची, "हे तुमच्या भातावर पडणार. भाकरी थापायला वेगळं पीठ नको मग."

सरपंच तेव्हा कुंपणावर बसलेला होता. शेठही नको दुखवायला, गावही नको. त्यानं पारूबायवर एक तोड काढली. घरात सांगून ठेवलं, ती आली की पाणीच द्यायचं नाही. दिलंच नाही तर नाकारील काय? मोठी अक्कल. पारूबाय आली, ओटीवर बसली. सरपंच पेपर वाचत बसला. पाणी नाही. एवढ्यात आतून त्याची आई आली, डोळ्यानं अधू, तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं, सांगितलं असतं तरी तिला जमलं नसतं. "कोण आलंय गो? पाणी दिलंत का?" म्हणत तांब्या घेऊन पुढं. पारूबायनं तांब्या सरकवला. म्हातारी रडायलाच लागली, "माझ्या घरातनं बाई तहानेली चालली!" सरपंच पेपर टाकून उठला आणि ग्रामसभेत मशीनविरुद्ध हात वर करायचं कबूल करून मोकळा झाला.

सापगावला लग्न होतं. नवरदेवाचा मामा आमच्या गावचा. तो पारूबायला चुकवत होता, वाडीत लपायचा. पारूबाय लग्नाला गेली आणि पंगतीत पान पुढं घेऊन नुसती बसली. वाढपी आला, गेला. भात निवला. नवरदेवाचा बाप धावत आला, "बाय, भाजीत मीठ कमी हाय का?"

"मीठ बरोबर हाय. तुमच्या मामात कमी हाय."

मामाला मांडवातून शोधून आणला. त्यानं सगळ्या वऱ्हाडापुढं सभेला यायचं वचन दिलं, तेव्हा बाईनं पहिला घास घेतला.

मशीन नको असा अर्ज घेऊन ती तहसील कचेरीत गेली, तिथं तिची ही विद्या चालायची नाही असं मला वाटलं होतं. साहेब बाहेरगावचे. त्यांनी चहा मागवला, तिनं नको म्हटलं, साहेबांनी बरं म्हणून स्वतःचा पिऊन टाकला. पण शिपाई आपल्या किन्हवलीचा. तो साहेबांच्या कानाशी लागला, "सायेब, बाईनं चहा नाय घेतला. वाईट असतं." साहेब हसले, पण अर्ज वाचायला घेतला.

आता माझ्याकडं येतो.

डोंगरावर गाड्या जायच्या तर वाट माझ्या शेतातूनच काढावी लागणार होती. दुसरीकडून ओढा आहे आणि तिसरीकडून कडा. म्हणजे मी वाट दिली तर मशीन आली, नाही दिली तर शेठनं दगड डोक्यावर वाहून न्यावा. पारूबायला माझ्याकडून एवढंच हवं होतं, "वाट देणार नाय" हे मी तोंडानं बोलायचं.

आता मी देणारच नव्हतो. बापजाद्यांचं शेत, त्यात कुणाच्या गाड्या फिरवायच्या? पण मी तिसरीतून शाळा सोडली ती मास्तर उठ म्हणाला की उठायचं, बस म्हणाला की बसायचं, हे पटेना म्हणून. आता साठाव्या वर्षी एका बाईनं तांब्या सरकवला म्हणून मी बोलू? मी म्हटलं, "माझ्या शेताचं मी बघीन. तुला कशाला सांगू?"

"नको सांगू. मी पण पाणी नाय पिणार."

"नको पिऊ."

असं रोज चाललं. ती यायची, तांब्या सरकवायची, अंधार पडायच्या आत निघून जायची. मी बिडी ओढत आढ्याकडं बघायचो. माझ्या बायकोला ते सोसेना. एक दिवस मी जेवताना पाणी मागितलं तर म्हणाली, "ती पिईल तेव्हा तुमी प्या."

"मी या घरचा मालक हाय गो!"

"मग मालकानं झऱ्यावर जावं."

गेलो. काय करणार?

त्याच आठवड्यात शेठचा माणूस आला. पांढरे बूट, हातात मिठाईचा पुडा. पारूबाय ओटीवर बसलेलीच होती. त्यानं तिच्याकडं बघितलंही नाही. मला म्हणाला, "काका, शेताच्या कडेकडेनं वाट काढू. तुमचं भलं होईल. नातवंडांना नोकरी लावू." बायकोनं रीतीप्रमाणं त्याच्या पुढंही तांब्या ठेवला. त्यानं तांब्याकडं बघितलं, आतल्या पाण्याकडं बघितलं, आणि पिशवीतून आपली बाटली काढून प्यायला.

माझ्या घरात! माझ्या ओटीवर!

मी उठलो. म्हटलं, "या शेतातून बैलगाडी जाते, ती पण माझी. दुसरी कुठली गाडी जाणार नाय. पुडा उचल."

तो गेला. पारूबाय म्हणाली, "म्हणजे दादा, वाट देणार नाय ना?"

"मी त्याला सांगितलं. तुला कुठं सांगितलं?"

ती एवढी हसली, एवढी हसली, की हसता हसताच तिनं तांब्या उचलला आणि रिकामा केला. बायकोनं दुसरा आणला. तोही केला.

ग्रामसभेत सगळ्यांनी हात वर केले. बायकांनी दोन दोन. मशीन आली नाही. दुसऱ्या कुठल्या डोंगराला गेली म्हणतात. पारूबायला तेही लागलं होतं, म्हणाली, "त्या गावाला पण जायला पायजे."

मग आवणी आली. आमच्याकडं आवणी म्हणजे भाताची रोपं उपटून चिखलात लावणं. ते एकट्यादुकट्याचं काम नाही. आज आम्ही दहा जण तुझ्या शेतात, उद्या तू आमच्यात. ज्याला त्याला हाक मारावी लागते. गाव सगळं शेतात उतरलं होतं. माझा एक बैल दावं तोडून ओढ्याकडं गेला, त्याला शोधायला मी खालच्या अंगाला गेलो.

तिथं पारूबायचं शेत. किती दिवसांनी त्या बाजूला गेलो होतो. सगळ्यांची शेतं हिरवी झालेली, हिचं चिखल करून तसंच पडलेलं. रोपं वाढवायच्या राबातली रोपं उंच होऊन पिवळी पडायला लागलेली. आणि मधोमध ही, पावसासाठी पानांचं इरलं पाठीवर घेऊन एकटी वाकलेली. एका कोपऱ्यात लावलेलं दिसत होतं, चटईएवढं.

"पारू, माणसं कुठं तुझी?"

ती सरळ झाली. "कुठली माणसं?"

"बोलावलं नायस कोणाला?"

"जून सगळा मुरबाडला न् शहापूरला गेला दादा. कोणाच्या आवणीला गेले नाय. मग मला कोण येईल?"

"अगो, तू हाक मारलीस तर अख्खं गाव येईल. डोंगरासाठी नाय आलं?"

तिनं हातातल्या रोपाच्या मुळाचा चिखल पाण्यात धुतला. बराच वेळ धुतला.

"डोंगर सगळ्यांचा होता. त्याच्यासाठी कोणाच्या पण दारात बसता येतं. हे माझं एकटीचं हाय." मग खाली बघून म्हणाली, "माझ्यासाठी कसं जाऊ रे कोणाच्या दारात? मला नाय जमत ते."

बैल सापडला, तो घेऊन घरी आलो. वाटेत मला एवढंच सुचत होतं, की या बाईनं मला उठवायला किती संध्याकाळी घालवल्या, आणि तिच्या घरी संध्याकाळी दिवा लावायलाही दुसरं कुणी नाही. एवढ्या मोठ्या आवाजाची बाई, पण घरी बोलायचं कुणाशी? घरोघरच्या ओट्यांवर ती कामापुरती बसत होती, का बसायला मिळावं म्हणून पण थोडी बसत होती, ते आता मला सांगता येणार नाही. रात्री जेवताना बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग?" मी म्हटलं, "मग काय? भाकरी वाढ."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझी आवणी अर्धी ठेवली, बायकोला आणि दोन्ही सुनांना पुढं घातलं, आणि पारूबायच्या शेतात उतरलो. ती बघतच राहिली. मी रोपांची मूठ सोडली आणि म्हटलं, "बाजूला हो जरा. ओळ वाकडी चाललीय तुझी."