दोन वाट्या मीठ

टेलरमास्तरांच्या बायकोचा उजवा हात जिन्यावरून पडून मोडला आणि त्याच दिवशी, हाताला प्लास्टर घालता घालता, डॉक्टरांनी तिचा रक्तदाबही पकडला. हात महिना-दीड महिन्यात जुळेल, असं ते म्हणाले. रक्तदाबाबद्दल बोलताना मात्र त्यांनी चष्मा काढला. डॉक्टर चष्मा काढून बोलू लागले की समोरच्याने गंभीर व्हायचं असतं, म्हणून मास्तर गंभीर झाले.

"घरचं खायचं. साधं, ताजं, कमी तेलाचं. आणि मीठ अगदी बेताचं."

"घरचं म्हणजे?" मास्तरांनी विचारलं.

"घरी केलेलं."

"पण घरी करणारीचा हात तर तुम्ही आत्ताच बांधलात."

डॉक्टरांनी मास्तरांच्या दोन्ही धडधाकट हातांकडे एकदा बघितलं, चष्मा परत लावला आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

मास्तरांची अख्खी हयात कापडावर गेली होती. स्वयंपाकघरात ते जात ते पाणी प्यायला, आणि तेही माठावरचा पेला जागेवर असेल तर. पण त्यांचा स्वतःवर एका बाबतीत ठाम विश्वास होता: माप लिहून दिलं की ते काहीही बिनचूक करू शकतात. गिऱ्हाईक कितीही वेडंवाकडं असो, कागदावर माप आलं की अंगात कपडा बसणारच. स्वयंपाकाचंही माप कुणी ना कुणी लिहून ठेवलेलं असणारच.

"मी खुर्चीत बसून सांगते की," बायको म्हणाली. "तुम्ही फक्त हात चालवा."

"अगं, तुझ्याच हातचं खाऊन तुझा रक्तदाब वाढला ना? आता जे काही करायचं ते शास्त्रशुद्ध. पुस्तक आणतो."

बायको गप्प बसली. इतक्या वर्षांच्या संसारात तिने गप्प बसण्याचे निरनिराळे प्रकार तयार केले होते. हा त्यातला 'बघू या' प्रकार होता.

शहरातल्या सगळ्यात मोठ्या पुस्तकाच्या दुकानात 'निरोगी स्वयंपाक' या विषयाला एक अख्खी भिंत दिलेली होती. कवितेला पायरीजवळचा एक कप्पा होता. भिंतीवर बिनतेलाचा स्वयंपाक होता, बिनसाखरेचा होता, बिनपिठाचा होता, आणि अगदी वरच्या फळीवर बिनविस्तवाचा होता. ही प्रगती अशीच चालू राहिली तर पुढच्या वर्षी बिनअन्नाचा निघेल, असं मास्तरांच्या मनात येऊन गेलं.

"कशासाठी हवंय, काका?" विक्रेत्याने अदबीने विचारलं.

"स्वयंपाकासाठी."

"ते आलं लक्षात. म्हणजे भेट द्यायचंय की घरी ठेवायचंय? ठेवायचं असेल तर स्वयंपाकघरातल्या टाइल्सचा रंग सांगा, त्याला शोभेल असं देतो."

"करायचाय."

"काय?"

"स्वयंपाक. पुस्तकात बघून."

विक्रेता विचारात पडला. माणूस प्रामाणिक होता. "त्या अंगाने आजवर कुणी मागितलं नाही, त्यामुळे सांगता येणार नाही," तो म्हणाला, आणि सगळ्यात जास्त खपणारं पुस्तक त्याने मास्तरांच्या हातात ठेवलं. 'आरोग्य आपल्या ओट्यावर'. सातवी आवृत्ती. मुखपृष्ठावर लेखिका आहारताई हातात गाजर घेऊन हसत होत्या. गाजर त्यांनी फोनसारखं कानाशी असं धरलं होतं, की जणू पलीकडून कुणीतरी बोलत होतं आणि काही विनोदी सांगत होतं.

'कमी मिठाचे पदार्थ' या प्रकरणातला पहिलाच पदार्थ मास्तरांनी निवडला: गाजर-मसुराचं सूप. पुस्तकात गाजराचे अर्ध्या इंचाचे तुकडे करायला सांगितले होते. मास्तरांनी गळ्यातली टेप काढली आणि एकूण एक तुकडा मोजून कापला. पाणी मोजलं, मसूर मोजली, कांदा बारीक चिरताना रडून घेतलं. आणि मग ते थांबले.

"इथे लिहिलंय, मीठ दोन वाट्या."

"किती?" बायको दारात येऊन उभी राहिली.

"दोन वाट्या."

"अहो, चार माणसांच्या सुपाला दोन वाट्या मीठ? चिमूट असेल ते."

"वाट्या लिहिलंय. छापलंय. आणि प्रकरणाचं नावच 'कमी मिठाचे पदार्थ' आहे." मास्तरांचा आवाज खाली आला. "हे जर कमी असेल, तर आजवर तू आम्हाला काय खायला घातलंस, याचा विचार कर."

बायको पुन्हा गप्प बसली. हा प्रकार वेगळा होता.

मास्तरांनी दोन वाट्या मीठ घातलं. माप ते माप. पहिला चमचा तोंडात घेतला आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, ते कांद्याचं नव्हतं. बायकोने चमचा नुसता ओठांना लावला.

"समुद्र जरा पातळ असतो," ती म्हणाली, आणि त्या दिवशी दोन केळी खाऊन झोपली.

मास्तर चिडले नाहीत. आखूड बाही शिवली गेली की गिऱ्हाईक परत येतं, आपण ती उसवून घेतो, त्यात भांडण कसलं? एका कारागिराने दुसऱ्याला चूक दाखवावी, इतक्याच सरळ मनाने ते सूप डब्यात घालून प्रकाशकाच्या कचेरीत गेले. तिथे तक्रार निवारण कक्ष होता आणि कक्षात एक बाई होत्या.

"तक्रारीचा प्रकार?" बाईंनी विचारलं. "मुखपृष्ठ, कागद, बांधणी, फोटो, की ताईंचे केस?"

"मीठ."

"मीठ असा प्रकार नाही."

"सुपात दोन वाट्या मीठ लिहिलंय हो. मी केलं, तोंडात धरवत नाही."

बाईंनी मान वर केली. "तुम्ही हे केलंत?"

"हो."

"म्हणजे, गॅस पेटवून?"

"गॅस पेटवून."

बाई उठून उभ्या राहिल्या. त्यांनी मास्तरांना हलू नका असं खुणेनं सांगितलं, आत गेल्या, आणि प्रकाशक जातीने बाहेर आले.

"कुणी पाठवलं तुम्हाला?" त्यांनी दार लावून घेत विचारलं.

"बायकोने. म्हणजे तिने पाठवलं नाही, तिच्यासाठी आलो."

"मास्तर, सात आवृत्त्या झाल्या या पुस्तकाच्या. या शहरात हे पुस्तक नाही असं घर दाखवा, मी तिथे स्वतः नेऊन देतो. आजवर मिठाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. आता तुम्हीच सांगा, इतके लोक चुकीचे आणि तुम्ही एकटे बरोबर?"

मास्तरांनी डबा उघडला. "चाखून बघा."

"नको, मला घरचं सोसत नाही," प्रकाशक घाईने म्हणाले. तक्रारवाल्या बाई मात्र डब्यात डोकावल्या आणि हेलावून गेल्या. "रंग अगदी फोटोसारखा आलाय हो!" त्या म्हणाल्या.

आहारताईंना बोलावून घेण्यात आलं. त्या दुखावल्या गेल्या होत्या. आपण संशोधक आहोत, आचारी नाही, हे त्यांनी सुरुवातीलाच स्पष्ट केलं. सदर पाककृती त्यांनी एका मान्यवर मासिकातून घेतली होती. मासिकाकडे चौकशी केली, तेव्हा त्यांनी ती याच पुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीतून साभार घेतली असल्याचं समजलं. थोडक्यात, पाककृती दोन घरी राहत होती आणि दोन्हीकडे पाहुणी होती.

"म्हणजे दोन स्वतंत्र स्रोतांकडून दोन वाट्यांना पुष्टी मिळते," आहारताई म्हणाल्या आणि पर्स उचलून निघून गेल्या.

प्रकाशक बराच वेळ कपाळ चोळत बसले. चूक मान्य करण्यात धोका होता. आज एकाने करून बघितलं, उद्या दुसरा बघेल, मग पान न् पान तपासत बसावं लागेल. पण ते धंद्यात मुरलेले होते. हळूहळू त्यांचा चेहरा उजळला.

"मास्तर," ते म्हणाले, "आम्ही तुमचा जाहीर सत्कार करणार."

सत्काराचा फलक सभागृहाच्या रुंदीचा होता: 'ज्यांनी प्रत्यक्ष करून पाहिलं!' मास्तरांना एप्रन आणि चांदीचा डाव देण्यात आला. गर्दी इतकी, की मागचे लोक भिंतीला टेकून उभे होते. मास्तर माइकसमोर गेले. "मी फक्त एवढंच सांगायला आलो होतो, की मीठ," इतकं त्यांनी म्हटलं आणि टाळ्यांचा असा कडकडाट झाला की वाक्य तिथेच राहिलं. नंतर प्रश्नोत्तरं झाली. भीती वाटली नाही का, असं एका गृहस्थांनी विचारलं. घरच्यांचा पाठिंबा होता का, असं एका बाईंनी विचारलं. एका कॉलेजकन्येने मास्तरांच्या बोटांना हात लावून बघितला. मग हॉटेलातून मागवलेलं तळलेलं जेवण झालं, आणि ते मास्तरांना फार आवडलं.

पुढे बोलावणी येऊ लागली. बँकेत, क्लबात, शिक्षकांच्या मेळाव्यात, 'घरचं खा, निरोगी राहा' या विषयावर मास्तर बोलू लागले. आधी ते मिठाचं सांगायचा प्रयत्न करत. मग लक्षात आलं की तिथे टाळ्या लवकर येतात आणि ओघ तुटतो, म्हणून त्यांनी ते वाक्य काढून टाकलं. दुकानात गिऱ्हाइकांचे कपडे कापायचे राहू लागले. बायकोसाठी खालच्या खानावळीतून डबा लावला. डबा तेलकट असे, पण व्याख्यान सोडून ओट्यापाशी उभं राहायला मास्तरांना सवड कुठली?

प्लास्टर बघायच्या दिवशी दोघं डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरांनी रक्तदाब मोजला. परत मोजला. मग चष्मा काढला.

"वाढलाय. बराच. असाच राहिला तर ॲडमिट करावं लागेल. घरचं खाताय ना?"

"घरचे घरी असतात कुठे?" बायको म्हणाली. तिने आवाज चढवला नव्हता. पण ती खुर्चीत जरा मागे टेकून बसली होती, डोळे मिटून, आणि मास्तरांना एकदम दिसलं की तिचे पाय सुजले आहेत. ते कधीपासून सुजलेत हे त्यांना माहीत नव्हतं.

"अरे, तुम्हीच ना ते!" डॉक्टर मास्तरांकडे निरखून बघत म्हणाले. त्यांनी कपाटातून 'आरोग्य आपल्या ओट्यावर'ची कोरी करकरीत प्रत काढली. "सही द्या. मी सगळ्या पेशंटना हेच पुस्तक सांगतो."

"यातलं काही केलंय का तुम्ही?"

"वेळ कुठे मिळतो हो," डॉक्टर म्हणाले.

मास्तरांनी सही केली नाही. घरी आले, बँकेला निरोप पाठवला की आज जमणार नाही, आणि डबेवाल्याला खालच्या खाली परत पाठवलं. मग स्वयंपाकघरात खुर्ची आणून ठेवली.

"बस. आणि सांग."

बायकोने त्यांच्याकडे बघितलं. "पुस्तक?"

"तू सांग म्हटलं ना."

ती सांगत गेली, ते करत गेले. कांदा जळला तेव्हा ती हसली, मसूर उतू गेली तेव्हा दोघंही ओरडली. शेवटी मास्तर मिठाच्या डब्यापाशी येऊन थांबले. हात आपोआप वाटीकडे गेला होता, तो त्यांनी मागे घेतला.

"मीठ किती?"

"चवीपुरतं."

"अगं, माप सांग."

"माप काय सांगू? थोडं घाला. चाखा. वाटलं तर परत घाला."

मास्तर चमचा हातात धरून तसेच उभे राहिले. "म्हणजे ट्रायल घ्यायची!" ते म्हणाले. "कच्ची शिलाई मारून अंगावर चढवून बघतो तसं?"

"तसंच."

"एवढं साधं होतं तर आधी का नाही सांगितलंस?"

"तेव्हा तुम्ही शास्त्रशुद्ध होतात."

सूप काही फार ग्रेट झालं नाही. गाजरं दाताखाली करकर वाजत होती. पण बायकोने वाटी पुसून खाल्ली आणि डाव्या हाताने पुढे केली. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी परत केलं, मग रोजच करू लागले. तिच्या पायांची सूज उतरली, पुढच्या खेपेला डॉक्टरांना चष्मा काढावा लागला नाही, आणि मास्तरांच्या दुकानात रखडलेले कपडे एकेक करून गिऱ्हाइकांच्या अंगावर गेले.

एक दिवस मास्तर प्रकाशकाकडे जाऊन शेवटचं सांगून आले: मीठ चवीपुरतं, थोडं थोडं, चाखून. प्रकाशकांनी मन लावून ऐकलं. आठवी आवृत्ती तयारच होती, मुखपृष्ठावर एप्रन घातलेले मास्तर होते. पण 'चवीपुरतं' या शब्दावर संपादक मंडळाचं एकमत होईना. त्यात नेमकेपणा नाही, वाचकाला वाऱ्यावर सोडल्यासारखं होतं, असं ठरलं आणि दोन वाट्या कायम राहिल्या.

अर्थात, त्याने फरक काहीच पडला नाही. बाइंडरकडे घोटाळा झाला, आणि आठव्या आवृत्तीत 'कमी मिठाचे पदार्थ' हे अख्खं प्रकरण गळून त्या जागी स्कूटर दुरुस्तीच्या पुस्तकाची पानं शिवली गेली. भाज्यांचे काप संपले की पान उलटताच ब्रेक ऑइल कधी बदलावं ते येतं. आवृत्ती हातोहात संपली. एका समीक्षकाने तर हे नवं प्रकरण पुस्तकातलं सगळ्यात हलकं आणि पचायला सोपं असल्याचं आवर्जून लिहिलं. तक्रार निवारण कक्षाकडे आजपावेतो एकही तक्रार आलेली नाही.

तुमच्याकडे आठवी आवृत्तीच आहे ना? मग लगेच उठून बघू नका. आणि उठलातच, तर आधी तिच्यावर ठेवलेली फुलदाणी तेवढी जपून उचला.