भोयर फिटरची मलमपट्टी

आमच्या जिनिंगमध्ये कशाचीही टंचाई असेल, पण कापसाची नव्हती. दिवाळी सरली की वर्ध्याच्या आसपासच्या गावांतून बैलबंड्यांची रांग लागायची आणि होळीपर्यंत आवारात कापसाच्या टेकड्या उभ्या असायच्या. कापूस मिशीत, कापूस कानात, कापूस डब्यातल्या भाजीत. अशा ठिकाणी नोकरीला असलेला एक माणूस दर महिन्याला गावातल्या औषधाच्या दुकानात जाऊन निळ्या कागदात गुंडाळलेला कापूस विकत आणायचा. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. या माणसाचं नाव भोयर फिटर.

मी एकदा त्यांना म्हणालो, "भोयरजी, ढिगातला मूठभर उचलला तर शेठजी काही बोलणार नाहीत."

मी त्यांना विहिरीत उडी घ्यायला सांगितल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बाबूजी, त्या ढिगावर बैल मुतला, पोट्टे नाचले, अन् तुमी आत्ताच पानाची पिचकारी मारली. तो कापूस जखमेत घालू?"

पिचकारी मी मारली होती हे खरं. पण ते चार माणसांत सांगायची काही गरज नव्हती. तेव्हापासून हा माणूस माझ्या डोळ्यात सलू लागला.

नुसत्या पिचकारीवरून नव्हे. मी तिथं हजेरी कारकून होतो. पन्नास सालानंतरची ती वर्षं. कारखान्यांचा नवा कायदा आला होता आणि त्यात प्रथमोपचाराची पेटी ठेवायला सांगितली होती. शेठजींनी नागपूरहून पेटी मागवली. पांढरीशुभ्र, काचेचं दार, वर लाल फुली. मॅनेजरसाहेबांनी लेखी हुकूम काढून ती माझ्या ताब्यात दिली. पेटी माझ्या खुर्चीमागे भिंतीवर आणि किल्ली माझ्या जानव्याला. घरी येऊन मी बायकोला म्हणालो, "आता कोणाचं बोट कापलं की त्याला माझ्याकडे यावं लागणार." ती तांदूळ निवडत म्हणाली, "कापू नका म्हणावं."

पण माझ्याकडे कोणी येईना. मी नियम केला होता की आधी मॅनेजरसाहेबांची चिठ्ठी आणायची, मग पट्टी मिळेल. त्यात चूक काय? येईल त्याला पट्टी वाटत सुटलो तर इन्स्पेक्टरला भरलेली पेटी कुठून दाखवायची? हे मी सगळ्यांना नीट समजावून सांगितलं. सगळ्यांनी ते नीट ऐकून घेतलं आणि सगळे भोयरकडे गेले.

भोयरचा दवाखाना म्हणजे एक पितळेचा पानाचा डबा. तळहाताएवढा, आत चार कप्पे. कात-सुपारीच्या कप्प्यांत तो विकतचा कापूस आणि जुन्या धोतराच्या उकळून घेतलेल्या पट्ट्या, लवंगेच्या कप्प्यात टाचण्या आणि चिमटा, चुन्याच्या डबीत पांढरं मलम. झाकणाला आतून आयोडीनची कुपी सुतळीनं बांधलेली. डब्याला त्यांनी कातडी पिशवी शिवून घेतली होती आणि ती कमरेला पान्ह्याशेजारी लटकायची. एकदा कापसाच्या एका दलालानं हक्कानं तो डबा उघडला, खिशातलं पान काढलं, मलमाचं बोट त्यावर फिरवलं आणि खाऊन टाकलं. वर म्हणाला, "चुना गुळगुळीत हाय, पन झोंबत नाई." आम्ही हसून लोळलो. भोयर मात्र दिवसभर कुरकुरत होते. "दोन भाजलेल्यायचं मलम खाऊन गेला, भाय."

रेच्यावर, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या यंत्रावर, कोणाला खरचटलं की तो माणूस बोट धरून धावत यायचा. भोयर त्याच्याकडे बघायचेसुद्धा नाहीत. आधी स्वतः नळावर जायचे, कोपरापर्यंत साबण लावायचे, नखं घासायचे आणि हात पाण्याखाली असतानाच ओरडायचे, "पयले हात धुय, मंग रड!" एवढ्या वेळात निम्म्यांचं रक्त आपोआप थांबायचं. मग पट्टी. पट्टी अशी की सणाच्या फेट्यानं लाजावं. आणि शेवटी ठरलेलं वाक्य, "उद्या दाखव. जखम मोठी लबाड असते. वरून भरते, आतून नाई."

हा माणूस भेटल्यावर लोकांना 'बरं आहे ना' असं विचारायचा नाही. 'हात दाखवा' म्हणायचा. शेठजींच्या मुलीच्या लग्नात सगळे मांडवात बसलेले असताना भोयर कुठे होते, तर आचाऱ्यांच्या कढईपाशी, डबा मांडीवर घेऊन. कोणी जेवायला बोलावलं की म्हणायचे, "तेल तापून राह्यलं ना." त्या दिवशी कोणी भाजलं नाही. भोयर थोडेसे हिरमुसले होते असं माझं मत आहे, पण तेव्हा माझं मत त्यांच्याबद्दल वाईटच असायचं.

खोटं कशाला सांगू, मला त्यांचा हेवा वाटायचा. चिंधी बांधलेली बोटं माझ्या टेबलावरून मिरवत जायची तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. माझ्याकडे हुकूम, माझ्याकडे किल्ली, माझ्याकडे काचेचं दार. आणि 'भोयरजी, भोयरजी' करत बाया धावायच्या त्या या रोहणा गावाकडून आलेल्या, स्टेशनाजवळ एका खोलीत एकटं राहणाऱ्या, सडाफटिंग माणसाकडे. मी तर एक-दोनदा मुद्दाम दौतीच्या फुटक्या कडेवर बोट ओढून घेतलं आणि स्वतःच स्वतःला पट्टी बांधली. चिठ्ठीशिवाय. ती कोणी पाहिलीसुद्धा नाही.

मग रेच्यावरच्या पार्वताबाईचा हात गेला. गेला म्हणजे जाता जाता राहिला. ती रेच्यात कापूस भरत असताना रुळाशी हात ओढला गेला आणि तळवा फाटला. ओरडा झाला. त्या दिवशी भोयर मागच्या इंजिनघरात होते, म्हणून बायांनी तिला जवळच्या दारातून माझ्याकडे आणलं. पहिल्यांदा कोणी माझ्याकडे आलं होतं! आणि मी, देवाशपथ सांगतो, सवयीनं म्हणालो, "चिठ्ठी?"

ती बाई माझ्याकडे कशी बघत राहिली ते मी विसरलेलो नाही. मी धडपडत किल्ली काढली. जानव्याचा गुंता झाला. दार उघडलं तर पेटीतल्या कापसात उंदरीण व्याली होती. चार गुलाबी पिल्लं, डोळे मिटलेली.

तोवर ओल्या हातांनी भोयर आले. त्यांनी जखमेवर कापसाची जाड घडी दाबली, तिचा हात डोक्यावर उंच धरला आणि घट्ट पट्टी आवळली. "बोटं हालव. हालतात ना? मंग काई नाई झालं. वरतं पाह्य, रगताकडं नोको पाहू." शेठजींच्या दमणीला बैल जोडून तिला दवाखान्यात नेलं तेव्हा सगळा रस्ता तिचा हात त्यांनी तसाच वर धरून ठेवला होता. डॉक्टरांनी टाके घातले आणि म्हणे विचारलं, ही पट्टी कोणी बांधली. हे 'कोणी बांधली' पुढे आठ दिवस जिनिंगभर फिरत होतं. मी त्या आठ दिवसांत नीट जेवलो नाही.

टाके निघाल्यावर रोज संध्याकाळी भोयर तिच्या घरी पट्टी बदलायला जाऊ लागले. पार्वताबाई पुन्हा कामावर आली. रेच्यावर नाही, कापसातला कचरा निवडायला. एक महिना झाला, दोन झाले. पट्टी आपली आहेच. उलट जाड झालेली. आणि एक दिवस मी पाहिलं, त्याच पट्टीच्या हातानं तिनं भरलेलं टोपलं उचललं आणि डोक्यावर घेतलं. तोंड जरासुद्धा वाकडं केलं नाही.

मी मनात म्हटलं, सापडला!

त्याच आठवड्यात इन्स्पेक्टर आले. मी नवा कापूस भरून, काच पुसून तयार होतो. त्यांनी माझ्याकडे न येता रेच्यावरच्या बायांनाच विचारलं, "कोणाला लागलं तर प्रथमोपचाराची पेटी कुठं आहे?" चाळीस हात उठले आणि चाळीसही भोयरच्या कमरेकडे. इन्स्पेक्टर हसले, भोयरनं त्यांना 'हात दाखवा' म्हटलं, त्यांनी दाखवला. मी काचेच्या दारापाशी किल्ली धरून उभा होतो.

दुसऱ्या दिवशी मी मॅनेजरसाहेबांकडे अर्ज दिला. कारखान्यात खाजगी औषधोपचार चालतो, तो बंद व्हावा. भरलेल्या जखमांवर पट्ट्या बांधून हा माणूस आपला मोठेपणा टिकवतो. साहेब म्हणाले, "पुरावा आणा. खरं निघालं तर डबा उद्यापासून गेटाबाहेर."

रविवारी दुपार कलल्यावर मी पार्वताबाईच्या घरी गेलो. तिच्या वस्तीनं आदल्या वर्षी नागपूरला जाऊन दीक्षा घेतली होती. त्या वस्तीत मी तोवर पाऊल टाकलेलं नव्हतं, हे लपवत नाही. दारातूनच दिसलं, बाई चुलीपाशी बसून भाकरी थापत होती. दोन्ही हातांनी. फाटलेल्या तळव्याच्या जागी एक पांढरी रेघ, बस. आणि पट्टी धुऊन दोरीवर वाळत घातलेली!

"का हो बाई, ही जखम भरलेली दिसते."

ती दचकली नाही. भाकरी तव्यावर टाकून म्हणाली, "कवाचीच भरली, बाबूजी."

"मग पट्टी काऊन बांधता?" माझ्या तोंडून तिचीच बोली निघाली.

उत्तर तिच्या सासूनं दिलं. म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. "भरली म्हून सांगतलं असतं तं त्यायचं येनं बंद झालं असतं ना जी. येतात, हात धुतात, पट्टी बांधतात. मंग चहा घेतात अन् दिवसभराचं बोलतात. खोलीवर कोन हाय त्यायले बोलाले? जखम नसली तं कोन्या निमित्तानं यीन तो मानूस? तसा बोलावला तं येत नाई. दोनदा बोलावलं."

"पण त्यांना कळत नाही का?"

पार्वताबाई हसली. "कळत असन जी. त्यायच्याच हातानं तं भरली."

एवढ्यात बाहेर खोकला ऐकू आला. बाईनं पीठ झटकलं, दोरीवरची पट्टी ओढली आणि भराभर हाताला गुंडाळली. म्हातारीनं कोनाड्यातून साबणाची वडी काढून पाण्याच्या तांब्याशी ठेवली. ती वडी भोयरशिवाय दुसऱ्या कोणाच्या हाताला लागत नसावी, इतकी स्वच्छ होती.

भोयर आत आले आणि मला पाहून दारातच थांबले. अर्जाची गोष्ट त्यांच्या कानावर गेली होती, हे त्यांच्या तोंडावर दिसलं. तरी त्यांनी हात धुतले, कोपरापर्यंत. बसले, डबा उघडला आणि तिची पट्टी सोडू लागले. एक वेढा, दुसरा वेढा. मलमाचा डागसुद्धा नसलेली ती पट्टी सुटत गेली आणि शेवटी तो धडधाकट तळवा आम्हा चौघांच्या मध्ये उघडा पडला.

भोयर माझ्याकडे न बघता म्हणाले, "जखम मोठी लबाड असते, बाबूजी." आवाज नेहमीचा नव्हता. चिमट्यानं काढलेला कापूस त्यांनी पुन्हा डब्यात ठेवला. पार्वताबाई खाली बघत होती. म्हातारी माझ्याकडे बघत होती. माझ्या एका शब्दाची वाट तिघंही बघत होती, आणि तोच शब्द मिळवायला तर मी आलो होतो.

मी वाकून तळवा नीट पाहिला. "मधे जरा ओलसर वाटते," मी म्हणालो. "अजून काही दिवस बांधावी लागेल."

भोयरनी पटकन मान वर केली. मग खाली घालून पट्टी बांधू लागले, आणि ती पुरी व्हायला त्या दिवशी फार वेळ लागला. चहा आला. माझ्यापुढेही एक कप आला. मी तो घेतला, आणि भोयर आदल्या दिवशी रेच्याचा पट्टा कसा तुटला ते सांगू लागले.

सोमवारी साहेबांनी विचारलं, "काय, मिळाला पुरावा?"

"जखम ओली आहे, साहेब. मी डोळ्यांनी पाहिली," म्हणालो, आणि अर्ज परत मागून घेतला.

यावरून कोणी समजू नये की माझा हेवा गेला. उलट वाढला. त्या रविवारी मी घरी पोचलो तेव्हा दिवे लागले होते. आई, बायको, तीन मुलं, सगळे होते. कोणीतरी म्हणालं, "आलात का?" आणि पुन्हा सगळे आपापल्या कामाला लागले. मी पाय धुऊन पाटावर बसलो आणि मला सारखी ती दोरीवर वाळत घातलेली पट्टी दिसत होती. माझ्या वाटेकडे डोळे लावून आजवर कोणी भरलेली जखम अशी झाकून ठेवलेली नाही.