बुडाची आंबील

बीरगांवच्या आमच्या पाऱ्यात, म्हणजे वस्तीत, दशरथकाकांचं मडकं कधी धुतलं गेलं नाही. ज्वारीची आंबील संपत आली की डावभर बुडाशी राखायची आणि त्यातच दुसऱ्या दिवसाचं पीठ भिजवायचं. तेच त्यांचं विरजण. कोणी मडकं खरवडू लागलं की काका ओरडत, “बूड सोड! सारं आजच खाशील त उद्या काय चाटशील?”

कारखान्याच्या भट्टीपुढे त्यांचं आयुष्य गेलं आणि हाती आला खोकला. मी पत्रक काढलं, ‘आमची फुप्फुसं परत द्या!’ काकांनी ते शेवटपर्यंत वाचलं आणि मडक्यावर झाकलं. “कागद चांगला जाड आहे वं, पत्रकवाली.”

आंबिलीत डाव उभा राहिला पाहिजे, हा त्यांचा कायदा. “माणूस नाही राहत उभा, डाव त राह्यला पाह्यजे!” शहरात चौबे कॉलोनीत राहणाऱ्या त्यांच्या जावयाने एकदा पाकिटातलं सूप पुढे केलं, तर म्हणाले, “दामादजी, आजारी कोण आहे?”

मग वस्तीवर बुलडोझर आला. नोटीस म्हणे भिंतीला चिकटवली होती. ती भिंतही बुलडोझरनेच पाडली. लोक कपाटं, शेगड्या ओढत होते. काका सकाळच्या आंबिलीचं मडकं पोटाशी धरून बाहेर आले. माझं डोकंच फिरलं.

“काका, आधार कार्ड?”

“आत.”

“आणि हे काय आणलंत?”

“बूड.”

संध्याकाळी सगळे शाळेच्या व्हरांड्यात. जेवण येतंय, असं पालिकेचे साहेब सांगून गेले. जेवण आलं नाही, साहेबही नाही. काकांनी आंबील वाटायला घेतली. शेवटी शेजारची सरिता उरली, ओली बाळंतीण. मडक्यात डावभरच होतं. तीच म्हणाली, “रहने दो कका, बूड है.”

काकांनी डाव मडक्यात घातला. मग त्यांनी बूड खरवडलं आणि तिच्या ताटलीत ओतलं.

“खा पोरी. तुझ्या काकूच्या हातचं होय. ती गेली त्या दिवशी मडक्यात एवढंच होतं. तेच वाढवून राहिलो आजलोक.”

सरिताने ताटली चाटून पुसून खाल्ली. काका नळाशी गेले, मडकं पालथं केलं, सुलटं केलं, आत हात घालून थांबले.

“पत्रकवाली,” त्यांनी हाक मारली, “हे घासतेत कसं वं? मले माहीतच नाही.”