टोपीवाल्याच्या मागचा नंबर

"माद्रिद मला शिकवू नकोस! इथे लष्करात होतो मी!" बसमधून उतरता उतरता आमच्या गावच्या फर्मिनने बायकोला ठणकावलं. आवाज मोठा, कारण मनातून तो धास्तावला होता. लग्न झाल्यावर तो कासिल्दाला राजवाडा दाखवायला इथे घेऊन आला आणि नेमका त्याच दिवशी राजवाडा बंद! तेव्हापासून रश्शात मीठ जास्त झालं तरी भांडण फिरून राजवाड्यावरच यायचं. आज गावाची सहल आली होती. संध्याकाळी बस परत निघणार. आजही दाखवला नाही, तर मरेपर्यंत ऐकून घ्यायचं!

राजवाड्यासमोर ही लांबलचक रांग! फर्मिनने आपल्या गावच्या पद्धतीने हाक दिली, "शेवटचा कोण?"

गवती टोपी घातलेल्या एका उंच माणसाने हात वर केला.

"झालं! आपला नंबर या टोपीमागे. चल, सावलीत बसू."

"अरे, बाकीचे सगळे उन्हात उभे आहेत!"

"परदेशी आहेत बिचारे, त्यांना काय कळतंय! गावात खाटकाकडे तू कधी रांगेत उभी राहिलीस का? आपल्या पुढचा माणूस ध्यानात ठेवायचा आणि खुशाल गप्पा मारायच्या."

दोघं बाकावर टेकतायत तोच टोपी चालू लागली.

"फर्मिन, आपला नंबर चालला!"

"त्याच्या पुढे कोण होतं?"

"ते तू विचारायचं ना, शहाण्या!"

आली का पंचाईत! टोपी हरवली की नंबर गेला. दोघं निघाली मागोमाग. टोपीने दुकानात बसून चॉकलेटात बुडवून बुडवून तळलेले कुरकुरीत चुरोस खाल्ले, ही दोघं उपाशीपोटी काचेला नाक लावून उभी. टोपी बागेत शिरली, ही दोघं झाडाआड. टोपीने एकदा वळून पाहिलं. दोनदा पाहिलं. मग ती चक्क पळतच सुटली!

"मेला पळतोय का असा?" कासिल्दाला धाप लागली.

"रांग सरकली असेल! पळ!"

टोपी थेट एका पोलीस बाईंवर जाऊन आदळली. टोपीखालचा माणूस मोडक्यातोडक्या भाषेत ओरडला, "हे म्हातारा-म्हातारी दुपारपासून माझा पाठलाग करतायत!"

"पाठलाग कसला? आमचा नंबर आहे तुझ्यानंतर! तूच हात वर केलास!"

"तो मी टॅक्सीला केला होता! ती थांबली नाही!"

फर्मिनचं तोंड एवढंसं झालं. पोलीस बाईंनी कसंबसं हसू दाबलं. त्यांना दया आली, दोघांना गाडीत घालून त्यांनी परत राजवाड्याशी आणलं. "आजोबा, कुठली रांग म्हणालात?"

फर्मिनने बोट दाखवलं.

"ती? अहो, ती स्वच्छतागृहाची! राजवाड्याचं दार पलीकडे आहे. तिथे आज चिटपाखरू नाही. पण पळा, दार लावायची वेळ झालीय!"

फर्मिनला रडूच फुटायचं बाकी होतं. त्याने कासिल्दाचा हात धरला. "चल गं! चाळीस वर्षांनी का होईना, तुला दाखवतोच!"

कासिल्दाने हात सोडवून घेतला आणि ती मुकाट्याने त्या लांबलचक रांगेच्या टोकाला जाऊन उभी राहिली.

"अगं, राजवाडा!"

"राजवाडा एवढी वर्षं थांबला, अजून थांबेल. मला नाही थांबवत!"